मुठीला मुठेल

"बॅटरी सरळ धर रे! उजेड माझ्या हातावर हवा, तुझ्या पायावर नको."

हा आवाज संदेश पावसकरच्या कानात गेली अडतीस वर्षं बिनभाड्याने राहतो आहे. भर दुपारीही काळोख असणाऱ्या पंपाच्या खोपीत वडील पंप उघडून बसलेले आणि दहा वर्षांचा संदेश बॅटरी घेऊन उभा. पायाला डास चावे, पाय हले, पायाबरोबर उजेड हले आणि मग वडील म्हणत, "तू नुसता बॅटरी धर. बाकी कशाला हात लावू नको."

वडील गेले, पंप गेला, पण हुकूम राहिला. संदेश मोठा झाला, सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात वरिष्ठ लिपिक झाला, रत्नागिरीत नाचण्याला घर बांधून बायकोमुलीसह राहू लागला, तरी घरी नळवाला येवो की वायरमन, त्याच्या हातात प्रत्येक जण बॅटरीच देई. माणसाच्या तोंडावर काही लिहिलेलं असतं म्हणतात. संदेशच्या तोंडावर बहुधा 'हा बॅटरी धरील' असं लिहिलेलं असावं.

तर त्याच्या लाल मोटारसायकलला त्या मार्चमध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली. पंधरा वर्षं झाली की गाडीला पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं. माणसाला साठीनंतर हयातीचा दाखला लागतो, तसाच प्रकार. सोमवारी संदेश गाडी पुसून, हार घालून आरटीओच्या मैदानावर घेऊन गेला. तपासणीचे साहेब तरुण होते, पण शांत. त्यांनी दिवा पाहिला, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला. सगळ्याला मान हलवली. मग हँडल धरलं आणि हात झटकन मागे घेतला.

"हे काय आहे?"

"मूठ आहे साहेब."

डाव्या मुठीवर काळी चिकटपट्टी होती. उजवीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि तो सुटू नये म्हणून वर सुतळी.

"ही मूठ नाही हो. ही जखम आहे," साहेब म्हणाले आणि कागदावर त्यांनी शेरा मारला : 'दोन्ही मुठी सदोष. बदलून शुक्रवारी हजर करणे.'

बावीस वर्षं लोकांच्या अर्जांवर 'सदोष' लिहिणाऱ्या माणसाला तो शब्द पहिल्यांदाच स्वतःच्या कागदावर भेटला. शब्द तोच होता, पण समोरून पाहिल्यावर त्याचे दात दिसत होते.

मुठी बदलणं हे मेकॅनिकचं काम. पण बाबल्याच्या गॅरेजला कुलूप, आणि कुलुपाखाली पुठ्ठा : 'पालखी घरी येणार आहे. शिमगा करून येतो.' पुढच्या गॅरेजला कुलूप. त्याच्या पुढच्यालाही. शिमग्यात देव देवळातून निघून घरी येतो आणि मेकॅनिक गॅरेजातून निघून गावी जातो, हा आपल्या जिल्ह्याचा जुना करार आहे. त्यात देवाने कधी कसूर केली नाही, मेकॅनिकनेही नाही.

संध्याकाळी डोंबिवलीहून मेव्हण्याचा, हर्षदचा, फोन आला. "भावोजी, कशाला त्या डबड्याला जीव लावताय? भंगारात द्या आणि विजेची स्कूटर घ्या. मी इथून बुक करतो. फक्त हो म्हणा."

बारावीत शिकणाऱ्या शमिकाने मोबाईलमधून डोकं न काढता मामाला पाठिंबा दिला. "पप्पा, प्लीज! तुमच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझे पप्पा दोन मिनिटांत पोचतील."

उरली दर्शना. संदेशने तिला विचारलं, "गाडी ठेवू की काढू?"

ती तांदूळ निवडत होती. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली.

मंगळवारी पुन्हा विचारलं. "तुमचं तुम्ही बघा." बुधवारी, मासे साफ करताना विचारलं. तेच. बायको 'तुमचं तुम्ही बघा' म्हणते तेव्हा तिचं काहीतरी बघून झालेलं असतं, हे लग्नाला वीस वर्षं झालेल्या कुठल्याही पुरुषाला कळतं. काय बघून झालंय, ते मात्र कळत नाही. संदेशने आपल्या परीने अर्थ लावला : हिलाही स्कूटरच हवी आहे, भावाची बहीण ना ती, फक्त माझं मन मोडवत नाही.

तेव्हा त्याने मनाशी पैज लावली. मुठी मी स्वतः, या हातांनी बदलीन. शुक्रवारी गाडी पास झाली तर राहील. नाही झाली तर हर्षदला 'हो' म्हणून टाकीन आणि पुन्हा कशाला हात लावणार नाही.

बुधवारीच त्याने राम आळीतून मुठींची जोडी आणली, काळी, रबरी, बोटांच्या खाचा असलेली. गुरुवारची किरकोळ रजा टाकली, कारण लिहिलं : 'तातडीचे घरगुती काम.' मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. त्यातल्या पंजाबी माणसाने दोन मिनिटं दहा सेकंदांत दोन्ही मुठी बदलल्या, वर हसून दाखवलं. संदेशने स्वतःला उदार मनाने अर्धा तास दिला.

गुरुवारी सकाळी नऊला आंब्याच्या सावलीत गाडी उभी राहिली. जुन्या मुठी कापायला ब्लेड सापडेना, म्हणून त्याने स्वयंपाकघरातली मासे कापायची सुरी आणली. पंधरा वर्षांचं रबर सुरीखाली असं उलगडलं की बांगड्याची आठवण व्हावी. इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं.

दृष्ट लगेच लागली. ती कुंपणापलीकडून आली.

"संदेश, काय ऑपरेशन चाललाय?"

फारुकभाई मुकादम तीस वर्षं आखाती जहाजांवर इंजिनिअर होते. आता निवृत्त होऊन शेजाऱ्यांवर देखरेख करतात. ते चहाचा कप घेऊन आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी हात लावणार नाय. मी नुसता बघतो." असं म्हणणारा माणूस जगातला सर्वांत महागडा सल्लागार असतो.

संदेशने एक मूठ उचलली आणि उजव्या बाजूच्या नळीवर, म्हणजे रेसवर, घालायला गेला. जाईना. टोकाशीच अडून बसली. जोर लावला तर हँडल फिरे आणि गाडी मान वळवून त्याच्याकडे बघे.

"रबर ताठ आहे," फारुकभाई म्हणाले. "गरम पाण्यात घाल. जहाजावर आम्ही असाच करायचे."

चहाच्या पातेल्यात मूठ उकळली. घरभर टायर जळाल्यासारखा वास सुटला. शमिका नाक धरून अंगणात आली, एक व्हिडिओ काढला आणि आत गेली. मूठ अर्धा इंच सरकली आणि थांबली. फारुकभाई म्हणाले, "हां, म्हणजे पाणी जास्त गरम झाला."

दुसरी मूठ डावीकडे घातली. ती अशी सळकन गेली, की संदेशला ब्रह्मानंद झाला. हात काढला, तशी ती तितक्याच सळकन बाहेर आली. एक आत शिरेना, दुसरी आत राहीना. संदेशला वाटलं, आपल्या कचेरीतले बडे बाबू आणि शिपाई यांचीच ही जोडी आहे.

साडेदहाला आवाज चढला. "मूठ बसत नाही! मूठ बसत नाही म्हणजे काय!" हे पलीकडच्या घरातल्या सोनूबाईंनी ऐकलं. सोनूबाई पंच्याऐंशीच्या. कानाला अर्धं येतं, उरलेलं त्या स्वतःच्या अनुभवातून भरून काढतात. त्या हातात मीठमिरच्या घेऊनच आल्या.

"कोणी मारली रे मूठ? कोणावर मारली? मी कालच म्हटलं, शिमग्यात नारळ ओलांडू नको म्हणून!"

"आजी, करणीची मूठ नाही. गाडीची. गाडीची मूठ! आत जात नाही."

सोनूबाईंनी हातातल्या मिरच्या तशाच गाडीवरून तीनदा ओवाळल्या, आणल्याच होत्या तर वाया का घालवा. मग मूठ चाचपली आणि हसल्या. "मेल्या, कोरडीच घालतोस होय? मुठीला मुठेल लाव की!"

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. तेल म्हणायचं, पण असतं मेणासारखं घट्ट. गरम असताना मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात, म्हणून मुठेल. थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. सोनूबाई घरात गेल्या आणि पदराखालून असा एक फिकट पिवळा गोळा घेऊन आल्या. त्यावर त्यांच्या पाच बोटांचे ठसे होते. तो संदेशच्या तळहातावर ठेवताना त्या आपल्याच नादात गुणगुणल्या :

कोकमाची बी गो बाय, वाळविली अंगणात,
लोणी तरंगलं वर, गोळा वळला मुठीत.

मुठीसाठी मुठीत वळलेलं मुठेल! संदेशला तर शब्दाशब्दात दैवी संकेत दिसला. त्याने गोळा वाटीत वितळवला, नळीवर फासला, मुठींत ओतला. आणि अहो आश्चर्यम्! अडलेली मूठ लोण्यातून सुरी जावी तशी आत गेली. निसटणारी मूठही बसली. वर ओलं फडकं गुंडाळलं. सावली होती, वारा होता, अर्ध्या तासात मुठेल थिजलं आणि दोन्ही मुठी दगडासारख्या घट्ट. संदेशने ओढल्या. फारुकभाईंनी ओढल्या, हात न लावण्याची शपथ मोडून. हलल्या नाहीत.

"तीस वर्षांत असा बघितला नाय," फारुकभाई म्हणाले.

"तुमच्या जहाजावर सोनूबाई नव्हती," संदेश म्हणाला. त्याची छाती त्या क्षणी महामार्गावरच्या हातखंब्याच्या तिठ्याइतकी रुंद झाली होती. तो घरात जाऊन दर्शनाला म्हणाला, "झालं बरं का." तिने पोळी उलटली, त्याच्याकडे बघितलं, आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

बाराला संदेश चाचणी फेरीला निघाला. गरज नव्हती, पण विजयी माणूस घरात कसा बसेल? मार्चचं ऊन डोक्यावर, मुठी काळ्या, हात तापलेले. मुठेलाचा एक गुण सोनूबाई सांगायला विसरल्या होत्या, कारण तो रत्नागिरीत कोणाला सांगावा लागत नाही : ते सावलीत थिजतं आणि उन्हात वितळतं.

मारुती मंदिरच्या चौकात पोचेपर्यंत त्याला फक्त एवढं जाणवलं, की हात जरा मऊ पडले आहेत. मग रेस पिळली, तर उजवी मूठ फिरली आणि गाडी मात्र आपल्याच विचारात. मनगटावरून पिवळी धार कोपराकडे निघाली. इतक्यात समोरून कचेरीतले साहेब स्वतःच्या मोटारीतून आले. संदेशने सवयीने डावा हात वर करून नमस्कार केला, आणि हाताबरोबर डावी मूठही वर आली.

चौकाच्या मधोमध, भर उन्हात, किरकोळ रजेवरचा वरिष्ठ लिपिक काळी रबरी मूठ दंडुक्यासारखी उंच धरून उभा, आणि तिच्यातून तेल ठिबकतंय. मागे दोन रिक्षा, एक टेम्पो, सगळ्यांचे हॉर्न. साहेबांनी काच खाली केली.

"काय पावसकर? घरगुती काम झालं का?"

"होय साहेब. म्हणजे... होत आलंय."

घरापर्यंत गाडी ढकलत आणली. वाटेत ज्याने त्याने विचारलं, "पेट्रोल संपलं?" आणि त्याने प्रत्येकाला "होय" सांगितलं, कारण खरं सांगायला कोकमापासून सुरुवात करावी लागली असती.

अंगणात तो पायरीवर बसला. दोन्ही मुठी निथळत शेजारी पडल्या. खिशातून मोबाईल काढला, हर्षदचं नाव काढलं. 'हो' एवढंच लिहायचं होतं. अंगठा त्या अक्षरावर ठेवला, पण मुठेलामुळे तो काचेवरून घसरला आणि पलीकडे तीन फुलं आणि एक नाचणारं माकड गेलं.

तेवढ्यात दर्शना बाहेर आली. तिने गडूभर गरम पाणी आणि वाटीभर डाळीचं पीठ कट्ट्यावर ठेवलं. तेलकट भांडी घासायला आणतात, तसं. मग तिने दोन्ही मुठी उचलल्या, आत बोटं घालून फिरवून पाहिल्या. कासाराकडे बांगडी पाहावी तशा.

"ही दोन-चारची आहे," ती म्हणाली. "आणि ही दोन-सहाची."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडीचे दोन हात सारखे नाहीत. एक मनगट जाड आहे." आणि ती आत गेली.

संदेश गाडीकडे बघत राहिला. उजवीकडे रेसची नळी. ती हँडलवरून फिरते, म्हणजे जाडच असणार! मोठी मूठ उजवीची, लहान डावीची. सकाळपासून तो जाड मनगटात लहान बांगडी कोंबत होता आणि बारीक मनगटात मोठी. रबराचा दोष नव्हता, पाण्याचा नव्हता, मुठेलाचा तर नव्हताच. दोष आवक-जावकचा होता. उजवीचा कागद डावीच्या फायलीत लागला होता.

मग त्याने बाह्या सरसावल्या. डाळीच्या पिठाने नळ्या घासल्या, मुठींच्या आतली कडा न् कडा घासली, पुन्हा धुतली, कोरडी केली. पंक्चरवाल्याकडून सोल्युशनची ट्यूब आणली. चार वाजले होते. फारुकभाई पुन्हा हजर झाले आणि आता त्यांचे हात शिवशिवत होते.

"आण इकडे. सोल्युशन लवकर सुकतो, तुला जमायचा नाय. मी लावतो."

संदेशने मान वर केली. अठ्ठेचाळीस वर्षांत जे वाक्य त्याने फक्त ऐकलं होतं, ते त्याच्या तोंडून आपसूक बाहेर आलं.

"फारुकभाई, तुम्ही नुसती बॅटरी धरा."

"बॅटरी? अरे, ऊन पडलाय!"

"पडू दे. धरा."

आणि तीस वर्षं समुद्रावर इंजिनं चालवलेला तो माणूस मुकाट्याने उठला, मोबाईलचा दिवा लावून चारच्या लख्ख उन्हात उभा राहिला. "सरळ धरा," संदेश म्हणाला. फारुकभाईंनी सरळ धरला.

मोठी मूठ उजवीकडे. अंगठ्याने सोल्युशन पसरलं, कासार बांगडी चढवतो तशी मूठ हलक्या हाताने फिरवत, दाबत, पुन्हा फिरवत नेली. गेली. मग लहान डावीकडे. टोकाशी जरा रुसली, समजूत काढल्यावर गेली. खाचा बोटांखाली बरोब्बर आल्या. व्हिडिओतला पंजाबी हसला होता तसं हसायचं संदेशच्या मनात होतं, पण त्याला हसू आलं नाही. त्याने नुसते दोन्ही हात मुठींवर ठेवले आणि बराच वेळ काढले नाहीत.

शुक्रवारी सकाळी तो निघाला तेव्हा दर्शना साडी बदलून, पर्स घेऊन दारात उभी. "मीपण येते."

"मैदानावर? तिथे काय आहे?"

"तुमचं तुम्ही बघा. मी माझं बघते," म्हणाली आणि मागे बसली.

तपासणीच्या साहेबांनी शेरा वाचला, मग हँडलकडे पाहिलं. डावी मूठ पिळली. उजवी पिळली. मग पाय रोवून दोन्ही हातांनी अशी ओढली की गाडी पुढे आली, स्टँड खरवडला, पण मूठ जागची हलली नाही. साहेबांनी हात नाकाशी नेला.

"वास कसला येतोय हो?"

"कोकमाचा साहेब. तो... पहिल्या प्रयत्नाचा आहे."

"कोणत्या गॅरेजला केलं?"

"घरीच केलं."

"कोणी?"

संदेशने आपले दोन्ही हात पुढे केले, जणू पुरावा मागितला होता. साहेब हसले. कागदावर लिहिलं : 'मुठी उत्तम.' आणि पाच वर्षांसाठी पासिंगची सही केली. 'ठीक' नव्हे, 'समाधानकारक' नव्हे, 'उत्तम'! बावीस वर्षांत संदेशने स्वतः कोणालाही 'उत्तम' लिहिलं नव्हतं. कागद त्याने चार वेळा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला, पुन्हा काढून वाचला.

अशा दिवशी सरळ घरी जाणं हा गाडीचा अपमान झाला असता. त्याने आरे-वारेचा रस्ता धरला. खाली दोन किनारे, मध्ये डोंगराचं नाकाड, सुरूची झाडं वाऱ्यात केस सोडून उभी. चढावर, समुद्र पहिल्यांदा पूर्ण दिसतो तिथे, त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं.

"दर्शना, मी जिंकलो ते बरं झालं. पण खरं सांगू? तुला स्कूटरच हवी असेल तर अजूनही काढतो ही गाडी. मनात ठेवू नकोस."

ती समुद्राकडे बघत होती. वाऱ्याने पदर उडत होता. तिने तो कमरेला खोचला.

"काढू नका," ती म्हणाली.

"आँ? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मग तुम्ही 'का?' असं विचारलं असतंत."

"मग आता विचारतो. का?"

"मी मागे बसून गाते."

"काय गातेस?"

"काहीपण. आईच्या ओव्या. माझ्याही असतात मध्ये. पंधरा वर्षं झाली. तुमच्या डोक्यावर हेल्मेट, खाली ही फटफट. मध्येच तुम्हाला वाटतं मी काहीतरी बोलले, आणि तुम्ही 'हो, हो' म्हणता. मग मला गातागाता हसू येतं."

"घरी कधी नाही गायलीस ती!"

"घरी सगळ्यांना ऐकू येतं."

"मग आत्ता म्हण की एक. इथे कोण आहे?"

"तुम्ही आहात ना! आणि गाडी बंद आहे." तिच्या गालांवर लाली आली, वीस वर्षांपूर्वीची. मग तिने नव्या मुठीवरून बोट फिरवलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हर्षदच्या त्या विजेच्या गाडीला म्हणे आवाजच नसतो. मग मी गायचं कुठे?"